पहिला अल्बम: जॅमरूमपासून प्रकाशनाच्या शुक्रवारपर्यंत

दर पावसाळ्यात एखाद्या नव्या बँडमधल्या मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो. गाणी झालीत, थोडे पैसे जमलेत, "दादा, स्टुडिओ कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, सगळी गाणी एकदा फोनवर रेकॉर्ड करून, चौघांनी एकत्र बसून, मध्ये न थांबवता ऐकलीत का? बहुतेक वेळा पलीकडे शांतता पसरते. पहिल्या अल्बमचं बरंवाईट स्टुडिओच्या आधीच्या तीन-चार महिन्यांतच ठरून गेलेलं असतं. काही जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत ठरतं, काही एका साध्या कागदावर. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये स्टुडिओआधीच्या पायऱ्या लांब आहेत. नंतरच्या गोष्टी शिकवणारे पुष्कळ आहेत, आधीच्या सांगायला कुणी बसत नाही.

पायरी १: गाणी मोजा, मग कापा

स्पॉटिफायच्या हिशोबात सात किंवा जास्त गाणी असली, नाहीतर एकूण लांबी तीस मिनिटांच्या वर गेली, की त्याला अल्बम म्हणतात. चार ते सहा गाणी आणि तीस मिनिटांच्या आत, तर ईपी. नव्या बँडने आठ ते दहा गाणी आणि पस्तीस-चाळीस मिनिटं एवढ्यावर थांबावं. न्यू यॉर्कच्या द स्ट्रोक्स या बँडचा २००१ सालचा पहिला अल्बम 'इज धिस इट' अकरा गाण्यांचा आहे आणि छत्तीस मिनिटांत संपतो. इंडी रॉक करणारी पुढची कितीतरी मुलं त्या अल्बमवर वाढली. पुढेमागे रेकॉर्ड छापायची हौस असेल, तर बारा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं नीट बसतात. चाळीस मिनिटांचा आकडा तिथेही उपयोगी पडतो.

निवड अशी करा. प्रत्येकाने दुसऱ्याशी न बोलता आपली सात गाणी कागदावर लिहायची. चारही कागदांवर जी येतील ती अल्बमात नक्की. तीन कागदांवरची गाणी पुढच्या दोन गिगमध्ये, म्हणजे कार्यक्रमांत, वाजवून बघायची आणि लोक कुठल्या गाण्याला चहा आणायला उठतात ते एखाद्या मित्राला पाहायला सांगायचं. बाकीची वहीत राहू द्या, ती कुठे पळून जात नाहीत. पाचच गाणी खरोखर उभी राहत असतील तर ईपी करा. चार भरतीच्या गाण्यांनी फुगवलेला अल्बम पाच चांगल्या गाण्यांनाही खाली ओढतो.

गाणी आधी लोकांसमोर वाजलेली असण्याचं महत्त्व इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीज या पोरांनी दाखवून दिलं. गिगला आलेल्यांना ते घरी बनवलेल्या डेमो सीडी फुकट वाटायचे. लोकांनी ती गाणी इंटरनेटवर एकमेकांना पाठवली. २३ जानेवारी २००६ ला अल्बम आला तेव्हा श्रोत्यांना शब्द पाठ होते, आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये ३,६३,७३५ प्रती खपल्या. तुमच्या चाळीस माणसांच्या गिगमध्ये दहाजण ध्रुवपद म्हणू लागले, तर ते गाणं अल्बमात घ्या. एवढी साधी कसोटी आहे.

पायरी २: एक पान लिहा, सगळ्यांनी सही करा

ही पायरी सगळ्यांना टाळायची असते. आमच्या बँडनेही टाळली. आमचं रेकॉर्डिंग संपलं आणि मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचं काम, चालू असताना ड्रमर बँड सोडून गेला. भांडण मोठं नव्हतं, पण गाण्यांत त्याचा वाटा किती हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. अल्बम चौदा महिने हार्ड डिस्कवर पडून राहिला. त्या चौदा महिन्यांत गाणी आमच्याच मनात शिळी झाली. आजही तो अल्बम ऐकताना मला पहिल्यांदा तीच वाट पाहणी आठवते.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा एका गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी पाहतो: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक वेगवेगळे असू शकतात. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची, आणि ध्वनिमुद्रण ते करण्यात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचं. आता कुणा मामाने पैसे दिले, मित्राने स्वतःच्या स्टुडिओत फुकट रेकॉर्ड केलं, तर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कुणाचा? लिहून ठेवलं नसेल तर यावर वर्षभर वाद चालतो. पानावर एवढं हवं:

प्रत्येक गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती. चौघांनी मिळून जॅममध्ये बांधलेल्या गाण्यांना सरळ चार समान वाटे करावेत असं माझं मत आहे. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) कुणाची आणि ठेका कुणाचा हे मोजत बसलात तर पुढचं गाणं एकत्र होत नाही.

मास्टर कुणाचा, खर्च कुणी किती घातला, आणि आलेल्या पैशातून आधी कुणाचा खर्च वळता होणार.

कुणी बँड सोडला तर त्याचा वाटा चालू राहील का, आणि बँडचं नाव कुणाकडे राहील.

कुणी कंपनी करार घेऊन आली तर दोन गोष्टी आधी बघा. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून अशा करारांत "कायमचे" आणि "संपूर्ण जगात" हे शब्द हमखास घातलेले असतात. ते दिसले की थांबा आणि जाणत्या वकिलाला दाखवा. दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारानेही काढून घेता येत नाही. "सगळं सोडून द्या, एकरकमी घ्या" असं कुणी म्हणालं तर हे माहीत असू द्या.

मराठी बँडना कवितेला चाल लावायचा मोह होतो, आणि तो चांगला मोह आहे. पण लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क शिल्लक असतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. बालकवी १९१८ ला गेले, त्यांच्या कविता आज मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, तेव्हा २०५९ संपेपर्यंत त्यांच्या शब्दांना लेखी परवानगी लागणारच. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण तुम्ही लहानपणापासून ऐकलेली त्याची चाल कदाचित एखाद्या आधुनिक संगीतकाराची असेल, आणि ती मोकळी नसेल. अभंग घ्यायचा तर चाल स्वतःची बांधा. तशी ती बांधली तरच तो तुमच्या अल्बमात शोभेल.

पायरी ३: जॅमरूममध्ये तीन गोष्टी पक्क्या करा

पहिली पट्टी. गिटारवाल्याला उघड्या तारा मिळतात म्हणून पांढरी तीन नाहीतर पांढरी सहा सोयीची असते, आणि गाणारा निमूटपणे तिच्यात गातो. जॅमरूममध्ये अँपच्या आवाजावर ओरडताना काही कळत नाही. आमच्या एका गाण्याचे ड्रम, बास आणि गिटार पांढरी तीनमध्ये रेकॉर्ड झाले. मग गायक हेडफोन लावून शांत खोलीत उभा राहिला, आणि अंतऱ्यातले शब्द त्याच्या गळ्यात बुडून गेले. गाणं काळी तीनला न्यावं लागलं. ड्रम वाचले, पण बास आणि गिटार पुन्हा वाजवण्यात दोन दिवस आणि त्या दोन दिवसांचं भाडं गेलं. उपाय फुकटचा आहे: प्रत्येक गाणं एकदा फक्त एका अकूस्टिक गिटारवर, बोलण्याच्या आवाजात गाऊन बघा. शब्द ऐकू येतात ती पट्टी खरी.

दुसरी लय. प्रत्येक गाणं मिनिटाला १०८, ११२, ११६ ठोके अशा दोन-तीन आकड्यांवर वाजवा, फोनवर घ्या, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच रात्री ऐकू नका, त्या रात्री सगळं संथच वाटतं. १२० च्या लयीतलं चार मिनिटांचं गाणं १२६ ला नेलं तर अकरा सेकंदांनी आखूडतं, आणि तेवढ्यात गायकाची श्वास घ्यायची जागा निघून जाते. आकडा ठरला की वहीत लिहा. ड्रमरने रोज घरी क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टकटक, कानात घालून पॅडवर वाजवावं. एखादं गाणं क्लिकवर मेल्यासारखं वाटत असेल तर ते क्लिकशिवाय घ्या, पण हा निर्णय स्टुडिओत पोचायच्या आधी झालेला असावा.

तिसरी मांडणी. कागदावर रेघ ओढा: सुरुवात किती बार (आवर्तनं), अंतरा किती, ध्रुवपद किती वेळा, ब्रिज (मधला वेगळा तुकडा) कुठे, शेवट कसा. नव्या बँडची गाणी बहुतेक वेळा मिनिटभर लांब असतात आणि तो मिनिट बहुतेक वेळा सुरुवातीला असतो. गाणाऱ्याचा पहिला शब्द कितव्या सेकंदाला येतो ते मोजा. लांब सुरुवात असूच नये असं नाही, तिथे काही घडत असलं पाहिजे.

शेवटी सगळा अल्बम ओळीने, फोन मध्ये ठेवून, एका दमात वाजवा. हा तुमचा कच्चा अल्बम. पंधरा दिवस तो बसमध्ये, गाडीवर, भांडी घासताना ऐका. सापडलेली प्रत्येक चूक इथे फुकटात दुरुस्त होते.

पायरी ४: स्टुडिओ आणि पैसे

स्टुडिओ निवडताना यंत्रांची यादी पाहण्याआधी त्या माणसाने घेतलेले ड्रम ऐका. चांगल्या प्रीअँपपेक्षा (माइकचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्रापेक्षा) रॉकचा आवाज ऐकलेला कान महत्त्वाचा. आपल्याकडचे बरेच स्टुडिओ भावगीत, जिंगल आणि डबिंगवर चालतात. तिथले लोक आपल्या कामात तयार असतात, पण मोठी ड्रम रूम नसते. अशा वेळी ड्रम एका ठिकाणी, बाकी सगळं दुसरीकडे किंवा घरी, असं वाटून घेतलं तर पैसे वाचतात.

स्ट्रोक्सनी आधी एका नावाजलेल्या निर्मात्याबरोबर काम सुरू केलं होतं. ते आवाज त्यांना फार गुळगुळीत वाटले. ते काम सोडून बँड गॉर्डन रॅफाएल या आपल्या ईपीच्या निर्मात्याकडे परत गेला. त्याचा स्टुडिओ न्यू यॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या तळघरात होता. बँड बहुतेक एकत्र वाजवायचा, आणि गायकाचा आवाज पीव्ही कंपनीच्या छोट्या सरावाच्या अँपमधून काढला होता. तो खरबरीत आवाज पुढे त्या अल्बमची ओळख झाला. यातून तळघर शोधत फिरा असं मी सांगत नाही. आपल्याला कसा आवाज हवा हे त्यांना माहीत होतं, म्हणून स्वस्त साधनं त्यांना पुरली.

हिशोब दिवसांत करा. आठ गाण्यांना ड्रमचे दोन दिवस, बासचा एक, गिटारचे तीन, गळ्याचे चार आणि एक दिवस राखीव, असे अकरा दिवस. समजा दिवसाचं भाडं ६,००० रुपये, तर ६६,००० नुसत्या रेकॉर्डिंगचे. मिक्स, मास्टरिंग (मिक्सवरचा शेवटचा हात) आणि मुखपृष्ठाचे पैसे त्याआधी बाजूला काढा. सगळे पैसे रेकॉर्डिंगमध्ये उडवून मिक्स ओळखीच्या कुणाकडून घाईत करून घेणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

तारखा ठरवताना पंचांग बघा, म्हणजे खरंच बघा. पुण्यात गणपतीच्या आधीचे दोन महिने ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. नीट बंदिस्त नसलेल्या खोलीत तो तुमच्या गळ्याच्या माइकमध्ये येतो. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली रेकॉर्डिंग होत नाही, दमट हवेने गिटारची मान हलते आणि सूर टिकत नाही. मला विचाराल तर दिवाळीनंतर जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम.

पायरी ५: रेकॉर्डिंगचे दिवस

आदल्या दिवशी ड्रमची कातडी नवी, गिटारच्या तारा दोन दिवस आधी बदललेल्या, गिटारचं इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येतो का ते, तपासलेलं. ड्रमर तासभर आधी पोचावा. ड्रम सुरात लावण्यात आणि माइक मांडण्यात अर्धा दिवस जातो. तो वाया गेला असं समजू नका. किक, स्नेअर, टॉम आणि वरचे दोन माइक लागले की सगळे एकदम उघडून ऐका. स्नेअर पातळ झाला असेल तर बहुतेक माइक एकमेकांच्या विरुद्ध फेजमध्ये आहेत, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याला खोडतो. ते तिथेच दुरुस्त होतं, मिक्समध्ये नाही.

ड्रम घेताना बास आणि एका गिटारने सोबत वाजवावं, पुढे त्यांचं पुन्हा घ्यायचं असलं तरी. एकट्या ड्रमरचा टेक (एका दमात वाजवलेलं रेकॉर्डिंग) बरोबर येतो आणि थंड येतो. तीन टेक घ्या. सातव्या टेकपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्या गाण्याकडे वळा आणि जेवणानंतर परत या.

बास आणि गिटार अँपमधून घेताना सोबत डीआयचा, म्हणजे अँपमध्ये न जाता वाद्यातून थेट आलेला, कोरा सिग्नलही घ्या. नंतर टोन आवडला नाही तर तोच सिग्नल दुसऱ्या अँपमधून काढता येतो.

मराठीत गाताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फ, भ, ख, प यांची हवा माइकवर आदळते, म्हणून पॉप फिल्टर आणि माइकच्या किंचित बाजूला तोंड. स, श आणि 'चंद्र'मधला नव्हे, 'चांदणं'मधला दंत्य च, हे मिक्समध्ये टोचतात. गायकाला जरा मागे उभं करा. आणि रॉकच्या नादात ऱ्हस्वाचं दीर्घ करू नका. "मन" चं "मना" झालं की मराठी कान तिथेच अडतो, पुढची ओळ त्याला ऐकूच येत नाही. दिवसाला दोन गाण्यांच्या वर गळा ताणू नका.

रोज रात्री दोन डिस्कवर प्रत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका ट्रॅकच्या एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या जरा वर जागा लागते. सोळा ट्रॅकचं चार मिनिटांचं गाणं एका टेकला साडेपाचशे एमबी खातं. दहा गाणी आणि पाच टेक म्हणजे २८ जीबीच्या आसपास. दुसरी डिस्क स्टुडिओत ठेवू नका, बँडमधल्या कुणाच्या घरी न्या.

पायरी ६: मिक्स आणि मास्टर

मिक्स करणाऱ्याला तुमच्या आवडीचे तीन अल्बम सांगा आणि कच्चा अल्बम द्या. सूचना लिहून, मिनिट-सेकंदासह, सगळ्यांच्या मिळून एकाच कागदावर. चारजणांनी चार वेळा मेसेज केले तर प्रत्येकजण स्वतःचाच आवाज वाढवतो. मिक्स हळू आवाजात ऐका, फोनच्या स्पीकरवर ऐका, रिक्षात ऐका. शब्द कळले पाहिजेत, कारण नवीन मराठी श्रोता आधी शब्दांशी ओळख करतो. प्रत्येक गाण्याची गळ्याशिवायची प्रतही मागून घ्या. गिग आणि जाहिरातीच्या कामात ती लागते.

मास्टरिंगला २४ बिटची वेव्ह फाइल द्या, मास्टर लिमिटर (आवाजाची वरची मर्यादा बांधणारं साधन) काढून. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ लफ्सला (हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, तेव्हा दाबून दाबून मोठा केलेला आवाज तिथे खालीच आणला जातो. दबलेले ड्रम मात्र दबलेलेच राहतात. मास्टरिंग दुसऱ्या माणसाकडून करून घेणं चांगलं, ताज्या कानाला महिनाभर न दिसलेली चूक दिसते.

पायरी ७: प्रकाशन

गाणी स्ट्रीमिंगवर वितरकामार्फत जातात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांक आणि अल्बमला एक बारकोड मिळतो, बहुतेक वितरक ते स्वतः देतात. दोन्ही वहीत उतरवून ठेवा. पुढे वितरक बदललात तरी तोच आयएसआरसी वापरायचा, नाहीतर ऐकलेल्यांचा आकडा शून्यापासून सुरू होतो.

बँडचं नाव, गाण्यांची नावं आणि गीतकार-संगीतकार सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा, देवनागरी असो वा रोमन. भाषा मराठी निवडा. एका ठिकाणी "पाऊस" आणि दुसऱ्या ठिकाणी "पाउस" झालं तर शोधणाऱ्याला तुमचं गाणं सापडत नाही.

तारीख शुक्रवारची घ्या. १० जुलै २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. फाइल चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी पाठवलं तर ते तुमच्या अनुयायांच्या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. अल्बमाआधी दोन गाणी सुटी सोडा, पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने. आणि तारखेला चिकटून राहू नका. स्ट्रोक्सचा अल्बम अमेरिकेत सप्टेंबर २००१ मध्ये यायचा होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्यांनी न्यू यॉर्कच्या पोलिसांवरचं एक गाणं सीडीवरून काढलं, दुसरं घातलं, आणि ९ ऑक्टोबरला अल्बम आणला.

स्ट्रीमिंगच्या पैशावर खर्च निघेल असं धरू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. खर्च गिगमधून, टीशर्टमधून आणि आधी नाव नोंदवणाऱ्या ओळखीच्यांकडून निघतो. शब्द लिहिणाऱ्या आणि चाल बांधणाऱ्या प्रत्येकाने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं आणि दुसऱ्या पायरीतल्या पानावरचे टक्के जसेच्या तसे तिथे नोंदवावेत. रेडिओवर किंवा कार्यक्रमात गाणं वाजलं तर त्याचा पैसा त्या नोंदीवरून वाटला जातो.

प्रकाशनाच्या संध्याकाळी एक छोटी जागा घ्या आणि अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने वाजवा. शब्दांची पानं छापून दाराशी ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळी सेशन, स्टेम्स (वाद्यांच्या गटवार सुट्या फाइल) आणि मास्टर दोन डिस्कवर घालून एक ड्रमरकडे आणि एक गायकाकडे द्या, वर अल्बमचं नाव आणि तारीख मार्करने लिहून.